बैलांना घातलेलं बियाणं

कपाशीचं बी पेरण्याआधी शेणात चोळावं लागतं, हे आमच्या अकोल्याच्या घरात आता कुणाला माहीत नाही. माझ्या नातवंडांना सरकी म्हणजे ढोरांचं खाणं, एवढंच ठाऊक. त्यांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही. मला सगळं ठाऊक असून मी जे केलं, ते त्या पोरांच्या हातून कधी होणार नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. लिहायला बसलो की कान गरम होतात आणि दौत झाकून ठेवावीशी वाटते. आज झाकायची नाही असं ठरवून बसलो आहे.

आमचं गाव अमरावतीपासून बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर, अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला अगदी लागून. जमीन काळी, भुसभुशीत, पावसाळ्यात गाडीचं चाक गिळणारी. वडील गेले तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. शेत आईने सांभाळलं. आम्ही तिला माय म्हणायचो. गावही तिला मायच म्हणायचं, कारण गावातल्या निम्म्या शेतांतलं बियाणं तिच्या हातातून गेलेलं असे.

तिचं काम काय, ते सांगतो. कापूस वेचून झाला की बहुतेक सगळा बाजारात जाई. पण दुसऱ्या वेचणीतला, झाडाच्या मधल्या फांद्यांवरच्या बोंडांचा कापूस माय वेगळा ठेवी. तो ती स्वतः वेची, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. मग हिवाळाभर ओसरीवर बसून हातचरखीवर त्यातली सरकी वेगळी काढायची. एक मूठ घ्यायची, बोटांतून हळूहळू सोडायची. पोचट दाणा तिच्या बोटांना बरोबर सापडे. पोचट बैलांना, भरीव कणगीत. तिने निवडताना खाली पाहिलेलं मला आठवत नाही. तोंडाने कुणाची तरी उणीदुणी चाललेली असत आणि बोटं आपलं काम करीत असत.

पेरणी तोंडावर आली की खरं काम. सरकीला बारीक लव असते. तशीच पेरली तर दाण्याला दाणा चिकटतो. तिफणीमागून बाई जी बांबूची नळी धरून बी सोडत चालते, त्या नळीत त्याचे गोळे अडकतात, आणि मग शेतात कुठे पुंजका उगवतो तर कुठे दहा पावलं नुसती माती. म्हणून शेण, राख आणि माती पाण्यात कालवायची, बाजेच्या सुंभावर सरकी पसरायची आणि तो काला घालून तळहातांनी चोळत राहायचं. लव दबली पाहिजे, दाणा मोकळा झाला पाहिजे, पण साल फुटता कामा नये. हे चार-पाच दिवस चाले. मायचे हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले असत आणि राखेने बोटांच्या पेरांना चिरा पडत. रात्री ती त्यांत एरंडेल भरी.

हे सगळं कशासाठी, तर आमच्या शेतात बनी कापूस होई. लांब, मऊ धाग्याचा. जडी नावाचा दुसरा कापूस असे, तो लागे भरपूर, पण धागा आखूड आणि राठ. दोन्हींची मिसळ होऊ न देणं, बनीचं बी बनीच ठेवणं, हे मायच्या दोन हातांवर होतं. तेव्हा मला ते कळत नव्हतं असं म्हणून सुटका करून घेता आली असती. पण कळत होतं.

मग ती तेजी आली. सातासमुद्रापलीकडे कुठे तरी गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि सगळ्यांच्या नजरा आमच्या वऱ्हाडाकडे वळल्या. रेल्वे अजून आमच्याकडे यायची होती. गाड्यांच्या रांगा रात्रंदिवस रस्त्यावरून चालत. जो कापूस आम्ही घासाघीस करून विकायचो, तो लोक शेतात येऊन उभ्या झाडांवर मागू लागले. चांगला, वाईट, ओला, पालापाचोळ्याचा, काहीही चाले. घरात चांदी आली. मी तेवीस वर्षांचा होतो, चार अक्षरं शिकलो होतो, आणि चांदी आली तशी अक्कल गेली.

नवी बैलजोडी घेतली. पांढरी, उंच, शिंगांना पितळी शेंब्या. त्या बैलांना मी कधी नांगराला जुंपलं नाही. ते फक्त अमरावतीला जाण्यासाठी होते. तिथे एका अडत्यांकडे माझं जाणं-येणं सुरू झालं. ते मला गादीवर बसवत, पान देत, ‘पाटील’ म्हणत. मी पाटील नव्हतो. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांच्या घरातल्या बायका आतल्या खोलीत बसून सुपारी कातरत, आणि त्यांच्या हातांत बांगड्यांखेरीज काहीच नसे. मला ते फार आवडलं. घर म्हणजे असं, असं वाटू लागलं.

अशाच एका फेरीहून मी पेरणीच्या आधी परत आलो. दुपार होती. रस्त्यालगतच्या आमच्या अंगणात, कडुलिंबाखाली, बाज टाकलेली. माय उकिडवी बसलेली, लुगड्याचा काष्टा खोचलेला, हात कोपरापर्यंत शेणात. सोबत मजुरीच्या तीन बाया. चौघी कशावरून तरी खदाखदा हसत होत्या. रस्त्याने अमरावतीच्या दोन दमण्या, म्हणजे माणसं बसायच्या हलक्या बैलगाड्या, चालल्या होत्या आणि त्यांतली माणसं वळून आमच्या अंगणात पाहत होती. कदाचित ती कडुलिंबाकडे पाहत असतील. मला वाटलं, माझ्या आईकडे पाहताहेत.

मी गाडीतून उतरलो तोच बोललो, “माय, ऊठ तिथून.”

“काहून? काय झालं?”

“आपल्या घरची बाई आता शेनात हात घालनार नाई. येनारे-जानारे पाहून राह्यले. काय म्हनतीन लोकं?”

“काय म्हनतीन? पेरनी आली म्हनतीन,” माय म्हणाली, आणि त्या तिघी पुन्हा हसल्या.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. बाजेशेजारी निवडलेल्या सरकीच्या दोन मोठ्या टोपल्या होत्या, अजून शेण न लावलेल्या. काला अजून कालवलाच जात होता, बाजेवर दाणा पडला नव्हता; हिवाळाभराचं सगळं काम त्या दोन टोपल्यांत होतं. मी एक उचलली, गोठ्यात गेलो आणि त्या पांढऱ्या बैलांच्या गव्हाणीत ओतली. परत येऊन दुसरी उचलली.

“बजारात गाडीनं सरकी भेटते,” मी ओरडून सांगितलं. “गाडीभर आनून टाकतो. हे भिकारपन पुरे झालं आता.”

बायांतली एक तोंडावर पदर घेऊन उठली आणि निघून गेली. माय तशीच बसलेली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, त्यांवरचं शेण वाळत चाललेलं. ती रागावली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मी कदाचित भानावर आलो असतो. शिव्या द्यायला ती काही कमी नव्हती. गोठ्यातून बैलांचा चावण्याचा आवाज येत होता. तो तिने थोडा वेळ ऐकला.

“खाऊ दे,” ती म्हणाली. “पोटात तं गेली. उकिरड्यावर नाई फेकली, हे बरं केलं.”

मग ती उठली, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, आणि आत गेली.

मी तिच्यासाठी अमरावतीहून गादी आणवली. ओसरीवर घातली. ती तिच्यावर बसू लागली, कारण मी सांगितलं होतं. वर्षभर ती तशी बसली. गादीत भरलेला कापूस बाजारचा, घाईने सरकी काढलेला. त्यात राहून गेलेले दाणे तिच्या बोटांना कापडावरून लागत. ती शिवण थोडी उसवून एकेक दाणा बाहेर काढी आणि उशाशी ढीग करून ठेवी. मी एकदा पाहिलं आणि म्हणालो, गादीची वाट लावशील. तेव्हापासून मी समोर असलो की ती हात पदराखाली घेई. हे लिहिताना सगळ्यात जास्त याचीच लाज वाटते. त्या टोपल्या निदान मी रागाच्या भरात ओतल्या होत्या. हे तर मी अगदी शांतपणे बोललो होतो.

बाजारची सरकी आली, गडीमाणसांनी ती कशीबशी शेणातून काढली आणि पेरली. मी बांधावर छत्री धरून उभा होतो. नळीत गोळे अडकत होते, बाया काडीने ढोसत होत्या. महिन्याने शेत पाहिलं तर खरूज झालेल्या कुत्र्यासारखं दिसत होतं. जे उगवलं त्यातही बनी थोडी, जडीच जास्त. तरी मला काळजी नव्हती. काहीही विकलं जात होतं ना.

नेमका आमचा कापूस गाडीत भरला आणि बातमी आली की ती दूरची लढाई संपली. अमरावतीच्या बाजारात गाड्या उभ्याच्या उभ्या राहिल्या. काल हात जोडणारे लोक आज तोंड फिरवू लागले. मी माझ्या अडत्यांकडे गेलो. त्यांनी मला बसा म्हटलं, पण पान आलं नाही. त्यांनी चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ताणला, पुन्हा जुळवला, पुन्हा ताणला. मला पहिल्यांदाच दिसलं की या माणसाचंही सगळं वैभव त्याच्या बोटांवर होतं.

“हा तुमच्या घरचा माल नाई,” ते म्हणाले.

“घरचाच आहे जी.”

“मंग घर बदललं असन. तुमच्याकडची बनी मी डोये झाकून ओयखतो. बनी असन तं आजबी घेतो. हे मले नको.”

कापूस कसाबसा खपवला. पांढरे बैलही त्याच खेपेत विकले. घरी परतलो तेव्हा माय गादीवर बसलेली होती. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, “माय, बनीचं बी पाह्यजे.”

ती म्हणाली, “कुठून आनू बाप्पा? बैलाईले विचार.”

ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तीच उठून बाहेर पडली. तेजीच्या नादात गावात बाकी सगळ्यांनीही मिळेल ती बाजारची सरकी पेरली होती. गावाच्या नदीकाठी एक माळीण होती, वांगी-मिरच्यांचा मळा करणारी. मायकडून मूठभर सरकी नेऊन ती दरवर्षी मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक ओळ लावत असे, घरच्या वातींपुरती. तिच्याकडून माय डोक्यावर सरकीसकट कापसाचं टोपलं घेऊन आली, आणि मागोमाग ती माळीण दुसरं टोपलं घेऊन. “माय, तुमचीच हाये ही,” माळीण म्हणाली, “मी तं निस्ती सांभायली.” तिने बदल्यात काही घेतलं नाही. मला तिच्याकडे बघवेना. मागच्याच वर्षी तिचा भाजीचा हारा आमच्या ओसरीवर टेकवला म्हणून मी तिला बोललो होतो.

तेवढ्या बियात आमच्या शेताचा एक कोपरा जेमतेम निघणार होता. माय पुन्हा चरखीवर बसली. पहिले काही दिवस तिचं निवडणं बरोबर होईना. भरीव दाणे पोचटांत जात, ती ते पुन्हा वेचून काढी. “बोटं आयकून नाई राह्यली,” ती म्हणायची. वर्षभर पदराखाली राहिलेली बोटं होती ती. हळूहळू ती पुन्हा ऐकू लागली, पण पहिल्यासारखी नाही. आता तिला निवडताना खाली पाहावं लागे.

पेरणी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, “यंदा चोयाले तू बस माह्यासंगं. मी काय जन्माले पुरनार हाये?”

मी हो म्हणालो. माझा पश्चात्ताप खरा होता, हे मला इथे लिहू द्या. मी मागच्या परसात बाज टाकूया म्हणालो. ती म्हणाली, तिथे सावली नाही. तेव्हा तिथेच, रस्त्यालगत, कडुलिंबाखाली बाज आली. मी धोतर खोचलं, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि रस्त्याकडे पाठ करून बसलो.

मला ते येत नव्हतं. मी दाबून चोळत होतो, साली फुटत होत्या. “जोर नको लावू,” माय म्हणायची, “लेकराची टाळू भरतात ना, तसं कर.” पहिल्या दिवशी कंबर धरली. दुसऱ्या दिवशी बोटांना चिरा पडल्या आणि राख त्यांत अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. जेवताना मिठाला हात लावता येईना. हे तिने वीस-पंचवीस वर्षं केलं होतं, आणि मी तिच्या हातचं जेवताना कधी तिच्या बोटांकडे पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दाणा सुटा होऊ लागला. काळसर, गोल, एकमेकांना न चिकटणारा. मायने मूठभर उचलून बोटांतून सोडला आणि म्हणाली, “जमलं.” अडत्यांनी मला पाटील म्हटलं होतं त्याहून मला ते मोठं वाटलं. दुपारपर्यंत मी अगदी खुशीत होतो.

दुपारी रस्त्यावर तट्टू थांबल्याचा आवाज आला. कुणी तरी खाली उतरलं.

“काय वो बाई, मालक हायेत काय घरी?” पुरुषाचा आवाज. “मी अमरावतीहून आलो. अडत्यायचा नवा मुनीम हावो मी. यंदा बनीचं बी धरलं काय, पाहून ये म्हनले.”

मी वळलो नाही. नव्या मुनीमाने मला कधी पाहिलेलं नव्हतं. पण तो परत जाऊन सांगणार होता, आणि मला अडत्यांकडची ती गादी दिसली, तो पानाचा डबा दिसला, आणि तिथे बसलेले सगळे ऐकताहेत असं दिसलं, की पाटील शेणात हात घालून बसले होते. माझी मान आपोआप खाली गेली. हात काल्यात अजून खोल गेले.

मायने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

“मालक घरी नाईत जी,” ती म्हणाली. “अकोल्याले गेले. आमी कामाची मानसं.”

मला तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. वेळ पुष्कळ होता. तो मुनीम घाईत नव्हता. तो आत आला, बाजेशेजारी उकिडवा बसला, आणि सरकीचे चार दाणे तळहातावर घेऊन बघू लागला. राख किती, शेण किती, कोणत्या वेचणीचं बी, असं त्याने मायला एकेक विचारलं, आणि तिने त्याला सगळं सांगितलं, हात हलवून हलवून, जसं मला सांगितलं होतं त्याहूनही नीट. इतक्या आदराने तिला तिचं काम मी कधी विचारलं नव्हतं.

“माह्यी मायबी हेच करे जी,” तो म्हणाला. “असेच हात होते तिचे. आता नाई ते हात.” असं तो मोकळेपणाने बोलून गेला, अनोळखी अंगणात, दोन मजुरांसमोर. मग उठताना म्हणाला, “मालकाले सांगजो बाई, मी सांगतलं म्हनून. अशी बाई ज्याच्या घरी कामाले हाये, त्यानं तिले सांभायून ठेवलं पाह्यजे. चांगलं लुगडं घेऊन दे म्हना.”

“सांगीन जी,” माय म्हणाली.

जाता जाता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अन तू बी शिकून घे रे इच्यापासून,” तो म्हणाला. मी मान हलवली.

तट्टू गेलं. घराच्या दारात माझी बायको उभी होती, कडेवर लेकरू. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत निघून गेली. माय परत चोळायला लागली.

“पानी टाक थोडं,” ती म्हणाली. “सुकून राह्यलं.”

मी पाणी टाकलं.

त्यानंतर माय नऊ वर्षं होती. बनी आमच्या शेतात हळूहळू परत आली, सगळ्या शेतात मात्र कधीच नाही. मी दरवर्षी तिच्यासोबत बाजेशी बसलो, आणि पुढे पुढे रस्त्याकडे तोंड करूनही बसू लागलो, पण तोवर त्या रस्त्याने मला ओळखणारं मोठं माणूस कुणी जात नव्हतं. दिवाळीला मी तिला चांगली लुगडी घेतली. ती हातात घेऊन ती पोत बघे, छान आहे म्हणे, आणि मी वाट पाहत उभा राही. मुनीमाचा निरोप मालकाला सांगीन, असं ती म्हणाली होती. तिने तो मला कधीच सांगितला नाही.